आवरलं का?

मान उजवीकडे वळेनाशी झाली तेव्हा मी आधी स्कूटरचा आरसा बदलून मोठा बसवला. तरी मंडईपाशी वळताना मागची रिक्षा दिसली नाही. गाडीला नुसता चरा पडला, पण नवऱ्याने किल्ली आपल्या खिशात टाकली.

"विकून टाक आता. मी सोडत जाईन तुला."

पंचविशीपासून मी कोणाच्या मागे बसलेले नाही. डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत, अंग आवळून धरायची सवय लागली आहे. ती सोडवायला त्यांनी एका वर्गाला पाठवलं.

वर्गात सतरंजीवर उताणं पडायचं, उजवा खांदा बोटभर कानाकडे न्यायचा आणि त्याहून सावकाश खाली आणायचा. एवढ्यासाठी मी भाजी अर्धी चिरून आले होते. वर पंखा कुरकुरत होता. त्याला तेल घालायला कोणाला काय झालं होतं?

"झालं," मी म्हणाले.

"काय झालं?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत ते. पुढचं सांगा, म्हणजे आवरून टाकते."

"अहो, आवरताय काय? खरकटी भांडी आहेत का ती?"

आजूबाजूच्या सतरंज्या हसल्या. मी उठणारच होते, तेवढ्यात बाई माझ्या उशाशी येऊन बसल्या. "आता नुसतं 'आवरते' म्हणा. लक्ष खांद्याकडे."

म्हटलं. खांदा टुणकन वर गेला. मी उचलला नव्हता. परत म्हटलं, परत तेच. घरात सकाळपासून दुसरा शब्द नसतो: आवरते, आवर, आवरा, आवरलं का.

मला शांत वगैरे काही वाटलं नाही. रोज घरी पडून तेच करायचं म्हणजे तळपायाला मुंग्या यायच्या, आणि गॅसवरचं दूध डोळ्यांपुढे यायचं. पण खांदा वर गेला की कळायला लागलं. कळलं की तो खाली यायचा, आपल्या सवडीने.

परवा सकाळी चपला घालत होते. मागून नवऱ्याचा आवाज आला, "आवरलं का? सोडतो तुला."

खांदा गेला वर. मी एक चप्पल घालून तशीच उभी राहिले.

"आता काय?"

"थांबा जरा."

खांदा उतरला. मग मान उजवीकडून वळवून मागे पाहिलं. नवरा उंबऱ्यात उभा होता, किल्ली बोटात फिरवत. डोक्यापासून पायापर्यंत दिसला.

किल्ली काढून घेतली.

"बसा मागे," मी म्हटलं.