पिवळ्या थरातले भुंगेरे

आमच्या अर्धापूरच्या बागेत केळीच्या कुजक्या खोडावर रातोरात पिवळा थर चढला. कुणीतरी भानामती केली, असं वाटून मी पाचोळा पेटवायला गेलो, तर तिथं एक अनोळखी बाई उकिडवी बसलेली. नाकाशी पदर धरून ती त्या थरातले मोहरीहून बारीक भुंगेरे न्याहाळत होती. श्वासानं ते उडतील, म्हणून पदर.

“ताई, काय हरवलं?”

“काही नाही. या बुरशीवर जगतात हे.”

“केळीला खातेत?”

“नाही.”

“मग कामाचे हायत?”

“कुणाच्या?” तिनं उलट विचारलं.

ती गेली. काडेपेटी खिशातच राहिली.

दुसऱ्या दिवशी तोंडावर रुमाल धरून मी तिथंच वाकलो होतो. बांधावरून शेजारी ओरडला, “काय हरवलं रं?”



“हळू बोल,” म्हणालो, “उडतील.”