उसवबाईंची यादी

चष्मेवाल्याला उसवबाईंची माहिती फारशी नव्हती, हे आधीच कबूल केलेलं बरं. बावीस वर्षं दोघांच्या दुकानांमध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत होती, तीही वर हातभर उघडी. पलीकडचं मशीन का थांबलं, बाईंना सर्दी झाली आहे की राग आला आहे, हे त्याला न बघता कळायचं. पण त्यांचं माहेर कुठलं, नवरा कसा होता, सुट्टीच्या दिवशी त्या काय करायच्या, हे त्याने कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. छातीठोकपणे तो एवढंच सांगू शकला असता की त्यांच्या उजव्या डोळ्याचा जवळचा नंबर सव्वादोन होता आणि डाव्याचा अडीच.

बाई नवे कपडे शिवत नसत. घट्ट झालेले सैल करायच्या, सैल झालेले घट्ट करायच्या, थोरल्याचा कोट धाकट्याच्या अंगावर बसवून द्यायच्या. कुठलाही कपडा हातात आला की आधी उसवायला घ्यायच्या, म्हणून गल्लीने त्यांचं नाव उसवबाई ठेवलं होतं. त्यांना ते चालायचं. "शिवणारे पुष्कळ आहेत," त्या म्हणायच्या, "उसवणारी मी एकटीच."

दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला टाचणीने एक चिठ्ठी लागायची. 'कंबर दोन बोटं सैल.' 'उजवी बाही अर्धा इंच वर.' काम झालं की चिठ्ठी निघायची आणि दाराजवळच्या तारेच्या आकड्यात खुपसली जायची. चिठ्ठीसकट कपडा दुकानाबाहेर गेला, असं बावीस वर्षांत एकदाही झालं नाही.

एका दुपारी रस्त्यापलीकडच्या शिवणवर्गाच्या मॅडम आल्या. त्यांचं बोलणं भिंतीवरून चष्मेवाल्याच्या कानावर पडत होतं.

"बाई, आमच्या पुस्तकात झबल्यापासून कोटापर्यंत सगळं आहे. पण जुना कपडा दुरुस्त कसा करायचा, त्याचं एक पान नाही. मुली शिकून बाहेर पडतात आणि झिजलेली कॉलर बघितली की घाबरतात. तुम्ही लिहून द्या."

"मी? मला शाळेत निबंधाला पंचवीसपैकी तीन मिळाले होते."

"कशावर होता?"

"माझा आवडता प्राणी. मी लिहिलं, मला प्राणी आवडत नाहीत. संपला निबंध."

मॅडम खूप हसल्या, पण मुदत सांगताना हसल्या नाहीत. नवी तुकडी सहा महिन्यांनी सुरू होणार होती. त्याआधी वही हातात पडली तर दुरुस्ती हा विषय म्हणून शिकवता येणार होता. नाही पडली तर अभ्यासक्रम पुन्हा पाच वर्षांनी बदलणार.

पाच वर्षं बाईंकडे नव्हती. उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला होता आणि डॉक्टरांनी वर्षभरात कात्री खाली ठेवायला सांगितलं होतं. "पाच वर्षांनी हा अंगठा मला माझंच बटण लावू देणार नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी कोणाला काय दाखवणार? आणा, वही आणा."

वही आली आणि वहीआधी यादी आली. शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बाईंनी मोठ्या अक्षरांत सतरा कलमं लिहिली. पहाटे पाचला उठणे. रोज चार पानं लिहिणे. शुद्धलेखन सुधारणे. आळस सोडणे. चांगलं लिहिणे. पुठ्ठा मशीनसमोर लटकवला. महिनाभराने वहीत एक ओळ नव्हती. पुठ्ठा मात्र चार वेळा नवा झाला होता आणि दर खेपेला अक्षर सुधारत होतं.

बाईंची लेक दुसऱ्या गावी राहायची, महिन्यातून एकदा यायची. तिने पुठ्ठा वाचला. "आई, यादीचंच पुस्तक काढ की. सुरेख झालीये."

"जिभेला हाड नाही कार्टीच्या," बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज पडला होता.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ कोट घेऊन आले. घाईत होते. घरूनच चिठ्ठी लिहून आणली होती: 'कोट चांगला करणे.' बाई कडाडल्या. "चांगला म्हणजे काय? मी काय जादूगार आहे? कुठे टोचतो ते सांगा. खांद्यात? काखेत? किती बोटं?" गृहस्थांनी निमूटपणे कोट अंगावर चढवला आणि काखेकडे बोट दाखवलं.

चष्मेवाला भिंग घासत होता. त्याच्या मनात एक गोष्ट आली. सहसा त्याच्या मनात आलेलं तोंडावाटे बाहेर पडत नसे. या खेपेला दुसऱ्या दिवशी पडलं.

"बाई, तुमच्या त्या पुठ्ठ्यावर 'चांगलं लिहिणे' आहे ना... म्हणजे, कुठे टोचतंय ते..."

"भाऊ, तुम्ही काचा पुसा."

त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. दोन दिवस त्याने भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून कात्रीचा कचकच आवाज आला. बाई पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे करत होत्या. त्याच्या बोलण्याने हे झालं की त्यांच्या मनात आधीच होतं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

त्या दिवसापासून वहीच्या प्रत्येक पानाला टाचणीने चिठ्ठी लागली, कपड्यांना लागायची तशीच. 'चेन बदलणे: जुनी कुठून उसवायची, तीन वाक्यं.' 'अस्तर: फाटलं कसं ओळखायचं, दोन वाक्यं.' एका चिठ्ठीत एका बैठकीत होईल एवढंच काम. पहाटे पाच रद्द झाले. दुकान उघडायला यायच्या तेव्हा शटर अर्धंच वर करायच्या, वाकून आत जायच्या आणि पहिली चिठ्ठी आकड्यात गेल्यावरच उरलेलं शटर वर जायचं. गिऱ्हाईक खाली वाकून हाका मारायचं. आतून उत्तर यायचं, "मी अजून आलेली नाही."

हळूहळू त्यांनी लिहिण्यालाही आपली भाषा लावली. पहिल्यांदा लिहायचं तो धावदोरा. तो वाकडातिकडा गेला तरी चालेल, मध्ये थांबून उसवायचं नाही. पक्की शिलाई नंतर. उसवायच्या शब्दांची एक वेगळी चिठ्ठी मशीनच्या दिव्याला चिकटवली होती. तिच्यावर सगळ्यात वर 'आणि मग' होतं. "पानात अकरा वेळा आलंय," त्या भिंतीवरून म्हणाल्या. "'आणि मग' हा लांब टाका आहे, भाऊ. जरा ओढला की सगळं हातात येतं."

आणखी एक सवय त्यांनी लावून घेतली. कपडा शिवताना आतल्या बाजूला कापड जास्तीचं ठेवतात, पुढे सैल करता यावा म्हणून. त्याला माया म्हणतात. बाई रोजच्या लिहिण्यातही माया सोडायच्या. शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं ठेवायच्या. "सगळं संपवून उठलं की दुसऱ्या दिवशी कशाला धरून सुरू करायचं? दोन बोटं ठेवली की पकड मिळते."

सव्वाचार महिने असे गेले. अठ्ठावीस दुरुस्त्या लिहून झाल्या. बाईंनी वही घेऊन चष्मेवाल्याच्या दुकानात पाऊल टाकलं, चष्म्याचं काम सोडून पहिल्यांदाच.

"तुम्हाला शिवता येतं?"

"छे, छे. सुईत दोरासुद्धा..."

"मग तुम्हीच पाहिजेत."

त्यांनी त्याला त्याचाच एक जुना शर्ट आणायला लावला, कॉलर झिजलेला. कॉलर उसवायची, उलटी करायची, म्हणजे झिजलेली बाजू खाली जाते, आणि गळ्याच्या पट्टीत परत शिवायची. 'कॉलर उलटणे' या पानावर हे नऊ वाक्यांत होतं. बाई समोर स्टुलावर बसल्या. तोंड उघडायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. चष्मेवाल्याने पान मोठ्याने वाचत वाचत, घाम पुसत, हाताने शिवलं. सव्वातास लागला. मग त्याने शर्ट अंगात घातला. कॉलरचं एक टोक कानाला लागत होतं आणि दुसरं खिशाकडे बघत होतं.

"माझा हात चांगला नाही," तो पुटपुटला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कॉलर चाचपली, पान वाचलं, पुन्हा कॉलर चाचपली. "हात तुमचा ठीक आहे. उसवण्याआधी कॉलरच्या आणि पट्टीच्या मध्यावर खडूने खूण करायची आणि मधून दोन्हीकडे टाचत जायचं, हे मी लिहिलंच नाही. तुम्ही एका टोकापासून सुरुवात केलीत, कापड ओढलं गेलं." त्यांनी आपलीच बोटं उलटसुलट करून बघितली. "खूण मी करते, हे मलाच माहीत नव्हतं. बोटं आपली आपण करतात."

तेरा तारखेच्या मुदतीला बारा दिवस राहिले होते. कॉलरमध्ये हे राहिलं होतं, तर उरलेल्या सत्तावीस पानांत काय काय राहिलं असेल? चष्मेवाल्याला वाटलं, बाई आता हात टेकतील. त्याने स्वतः टेकले असते.

दुसऱ्या दिवशी दाराला पाटी लागली: 'बारा दिवस कपडे घेणार नाही. दिलेले मिळतील.' आणि भिंतीवरून हाक आली.

"भाऊ, मी एकेक दुरुस्ती हाताने करत जाणार आणि बोटं काय करतात ते बोलत जाणार. तुम्ही ऐका. जिथे समजणार नाही तिथे भिंतीवर टकटक करा. बोलू नका, माझी तंद्री मोडते."

बोलायचं नाही, ही अट चष्मेवाल्याला फारच आवडली. पहिल्या दिवशी त्याने एकोणीस वेळा टकटक केली. दर टकटकीला बाई नव्या चिठ्ठीवर एक ओळ लिहायच्या. अंगठ्याने दाबून धरणे. उसवलेले दोरे आधी वेचणे. ओली बोटं नकोत. चष्म्यासाठी थांबलेल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने वैतागून विचारलं, "अहो, तुमचं हे सुतारकाम कधी संपणार?"

चौथ्या दिवशी बाईंचा तोल गेला. "आता काय कळलं नाही? साधी बाही आहे!"

त्याला अट मोडावी लागली. "तुम्ही म्हणालात, मग नीट करून घ्यायची. नीट म्हणजे?"

पलीकडून कागदावर पेन घासल्याचा आवाज.

अंगठा सुजला. तेव्हा बाई अंगठा सोडून पेन पुढच्या दोन बोटांत धरून लिहू लागल्या. लेक भेटायला आली, आईचा हात बघून तिने कपाळाला हात लावला. "पुरे आता. मॅडमना सांगू, आजारी आहे म्हणून."

"सांग. पण तेरा तारखेनंतर सांग."

लेक मग ओरडली नाही. खुर्ची ओढून बसली आणि आईच्या चिठ्ठ्यांवरच्या ओळी वहीत उतरवू लागली. मधूनच म्हणायची, "आई, 'आणि मग' आलं," आणि बाई म्हणायच्या, "उसव." दहाव्या दिवशी सबंध दिवसात दोनच टकटकी झाल्या. बाईंना संशय आला. "भाऊ, झोपलात का?"

"नाही. कळतंय."

बोटांना माहीत असलेल्या गोष्टींची ती यादी शेवटी एकशे सहा ओळींची झाली आणि एकूण एक ओळ आपापल्या पानात गेली.

वही वेळेत पोचली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शिवणवर्गात दुरुस्ती हा विषय सुरू झाला आणि तो अजून चालू आहे. वही दिली त्याच संध्याकाळी लेक बाईंना अंगठ्याच्या ऑपरेशनसाठी आपल्या गावी घेऊन गेली. ऑपरेशन बरं झालं असं कळलं. पण बाईंना दुकान पुन्हा उघडता आलं नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्याचं लेकीने चष्मेवाल्याला फोनवर सांगितलं.

वही द्यायला निघाल्या ती दुपार त्याला नीट आठवते. दोन्ही हातांनी वही छातीशी धरून बाई त्याच्या दारात थांबल्या. आभाळ भरून आलं होतं.

"छत्री नाही घेतलीत?" त्याने विचारलं.

"हात कुठे रिकामा आहे?"

"मग थांबा थोडं. पाऊस येईल."

"चारला वर्ग सुटतो, भाऊ. मॅडम निघून जातील." त्या पायरी उतरल्या आणि रस्ता ओलांडायच्या आधी मागे वळल्या. "माझ्याकडचा पंखा चालू राहिलाय. तेवढा बंद करा."

"करतो," तो म्हणाला.