कोर्ट उठेपर्यंतची कैद

“एवढीच कैद? माझं मनगट काय तेवढ्यात जुळलं का वो साहेब?”

सिन्नरची ती विडी वळणारी बाई भर कोर्टात ओरडत होती, आणि आवाज असा, की तिकडे रामकुंडात बुडी मारलेले यात्रेकरू दचकून वर आले असणार. मी सरकारी वकिलांचा ज्युनिअर. माझा काळा कोटसुद्धा थरथरला. मुकादमाने तिच्या चांगल्या विड्या छाट म्हणून, म्हणजे मजुरी न देता, बाजूला फेकल्या होत्या. तिने तोंड उघडलं, तर त्याने फळीने तिचं उजवं मनगट मोडलं. गुन्हा शाबीत झाला आणि शिक्षा काय? किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे कामकाज संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं, मग घरी. त्यात न्यायाधीशांची दाढ ठणकत होती, कोर्ट लवकरच उठलं. मुकादमाच्या गालातलं पानही संपलं नव्हतं.

आमचे साहेब बाईला म्हणाले, “बघू.” साहेबांचं ‘बघू’ म्हणजे गंगापूर धरण आटेपर्यंत वाट पाहायची.

पण मुकादमाची मती फिरली. दुसऱ्या दिवशी गळ्यात हार घालून, पेढे घेऊन तो आमच्याच खोलीत शिरला! “तोंड गोड करा साहेब. समद्या बायांना सांगून ठिवलंय, हात मोडला तरी पान खाऊन व्हायच्या आत सुटतो मानूस.”

साहेबांनी तोंडापाशी नेलेला पेढा परत पुड्यात ठेवला. मला म्हणाले, “मशीनला कागद लाव.”

शिक्षा फारच कमी वाटली तर सरकारने हायकोर्टात अपील करावं, हा कायदा तेव्हा नवा कोरा होता. मी अपील असं टाइप केलं, की मशीनमधून धूर निघाला. अपील मंजुरीसाठी मुंबईला जाण्याआधी साहेबांनी बाईला बोलावून घेतलं. “बाई, नीट ऐका. शिक्षा वाढवा म्हणून आपण गेलो, की तिथे त्यालाही ‘मी निर्दोष’ म्हणता येतं. साफ सुटूही शकतो.”

“सुटला तर मला गावात ऱ्हाता येनार नाय,” ती म्हणाली. मग पदर खोचला. “तरी करा.”

हायकोर्टात त्याचा वकील म्हणाला, बाई घसरून पडली! मी बाकावर चढायचाच राहिलो; साहेबांनी कोट धरून खाली बसवलं. डॉक्टरांचा जबाब वाचला गेला, मुद्देमालातली फळी पुढे आली, आणि न्यायमूर्तींनी सुनावलं: एक वर्ष, सक्तमजुरी!

मी जीपच्या मागे लोंबकळत, नाशिकपासून सिन्नरपर्यंत ती बातमी ओरडत गेलो. रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा बाजूला झाल्या. बाई दारात वाकड्या मनगटाने पानं कापत बसली होती.

“मावशी, वर्षभर आत! जिंकलो आपण!”

तिने कात्री खाली ठेवली नाही.

“बरं झालं,” ती म्हणाली. “त्याच्या जागी आता त्याचा भाऊ बसतो.”