न चाखणारा सुखदेव

बाजाराचा दिवस होता. यवतमाळहून येणारी सकाळची एस.टी. घाटंजीत लागली आणि कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत मारून सरळ माझ्या खानावळीत शिरला. चुलीवर मटणाचा मोठा गंज चढलेला, मी डाव घेऊन रस्सा ढवळत उभा. तो म्हणाला, "थावरभाऊ, रुखमाबाईनं निरोप देल्ला. सुखदेवभाऊ गेले." मी ढवळतच राहिलो. मनात पहिलं काय आलं ते सांगूनच टाकतो, लपवून कोणाचं भलं होणार आहे? मनात आलं, चला, आता या जिल्ह्यात मटणाच्या बाबतीत माझ्या वरचढ कोणी उरला नाही. मग हात थांबला. किती वेळ थांबला कोणास ठाऊक, रस्सा बुडाला लागला. गिऱ्हाइकांनी तो तसाच खाल्ला, वर कांदा मागून घेतला, एकानंही तोंड वाकडं केलं नाही. सुखदेव असता तर दारातूनच नाक मुरडून परत गेला असता.

त्याला जाऊन आता महिना उलटला. गेलेल्या माणसावर गोड गोड लिहायची रीत आहे, ती मला जमायची नाही. मी सुखदेववर जळत होतो. चांगला धडधडीत जळत होतो, आणि तो गेला म्हणून विझलो असं नाही. शाळेतले गुरुजी माझ्याकडे जेवायला येतात, ते म्हणाले, थावरू, तुझ्याइतकं त्याला कोणी ओळखत नव्हतं, लिही काहीतरी. खरं आहे त्यांचं. बायको नवऱ्याला ओळखत नसेल इतकं जळणारा माणूस ओळखतो... चोवीस तास त्याच्याकडेच तर पाहत असतो.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षीची गोष्ट. यवतमाळच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर आम्ही दोघंही कामाला होतो. मी फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा, सुखदेव राळेगावच्या बाजूचा. वय एक, पगार एक, राहायच्या खोल्याही शेजारी शेजारी. बावर्चीखान्याचे मालक म्हणजे गोव्याहून आलेले एक म्हातारे आचारी, त्यांना सगळे मेस्त्री म्हणायचे. साहेबांना मुंबईची चव लागलेली, आठवड्यातून एकदा त्यांना लाल वाईनमधली बकऱ्याची रान, म्हणजे अख्खी मांडी, लागायची. आमच्या तांड्यात माझी याडी, म्हणजे आई, बकऱ्याच्या रक्ताची सळोई अशी करायची की माणूस बोटं चाटत बसावा, तेव्हा मटण मला कोणी शिकवायला नको असं मी समजत होतो. मेस्त्रींनी ते पहिल्याच दिवशी डोक्यातून काढलं. रान रात्रभर लाल वाईनमध्ये बुडवून ठेवायची, सोबत कांदा, तेजपान, काळी मिरी, दालचिनी. सकाळी पुसून कोरडी करायची, तुपात चहूकडून तांबूस करायची, मग तीच वाईन वर ओतून मंद आचेवर सोडून द्यायची. उकळी फुटली की मेस्त्री ओरडायचे. वाईन आटत आटत दाट झाली की गाळून घ्यायची, गुळाचा खडा, लोण्याचा गोळा, आणि तो सॉस चमच्या-चमच्यानं रानीवर सोडत राहायचा. मेस्त्री त्याला ग्लेज म्हणायचे, आम्ही चकाकी. दिव्याची वात त्यात दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या रानीत वात दिसायची. सुखदेवच्या रानीत ती हलताना दिसायची. हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि त्या दिवसापासूनच माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्या दसऱ्याला तो नागपूरला गेलता. पांढरे कपडे घालून गेला, दीक्षा घेऊन आला. आल्यावर त्याची चाल बदलली होती, मान बदलली होती. पूर्वी साहेबांसमोर खाली पाहून बोलायचा, आता डोळ्याला डोळा देऊन बोलायला लागला. त्याच आठवड्यात रानीचा वार आला. सुखदेव मेस्त्रींसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मी पंचशील घेतलं आहे, दारूचा थेंब माझ्या जिभेला लागणार नाही. मेस्त्री म्हणाले, अरे बाबा, आचारी पीत नाही, चाखतो. सुखदेव म्हणाला, चाखणंही नाही. मग काम सोड, असं मेस्त्री बोलून गेले. सुखदेव दिवसभर विहिरीजवळ बसून राहिला. संध्याकाळी आत आला, हात धुतले आणि म्हणाला, "रांधीन मी. चाखाचं काम थावरू करन."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आचाऱ्यानं जीभच गहाण टाकली, आता हा संपला, असं वाटलं. मेस्त्री म्हातारे झाले होते, कधी ना कधी गोव्याला परतणार होते. त्यांच्यामागे बावर्चीखान्याच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला लागतात, एवढाच प्रश्न माझ्या आयुष्यात होता. त्या किल्ल्यांसोबत दोन खोल्यांचं घर होतं, आणि पाहुण्यांसमोर साहेब ज्याला हाक मारून बोलावतात, तो मान होता. सुखदेवनं आपणहून रस्ता मोकळा करून दिला होता. त्यानं माझ्यासाठी एक लांब दांड्याचा पितळी चमचा वेगळा काढला आणि खिळ्याला टांगला. त्याला दुसरं कोणी हात लावायचं नाही. "काय म्हणते?" एवढंच तो विचारायचा. मी चमचा बुडवायचो, फुंकर मारायचो, जिभेवर घ्यायचो, आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहायचा.

आणि त्याचं रांधणं बिघडायच्या ऐवजी चढत गेलं! आता बोला. वासावरून काय ते ओळखायचा, चमच्यावरून थेंब कसा घरंगळतो ते निरखत बसायचा. मी रोज दहादा चाखून जिथं पोचायचो, तिथं हा न चाखता आधीच जाऊन बसलेला. घरी माझी बायको म्हणायची, सुखदेवभाऊंच्या हातालाच गुण आहे. तिनं कधी खाल्लं होतं ते? तरी म्हणायची. तो दारू पीत नाही, हे पुन्हा वर. मी मोहाचा वास घेऊन घरी आलो की त्याचं नाव ठरलेलं.

सगळ्यात राग यायचा तो एका गोष्टीचा. हा मला विचारायचा, आणि मी सांगितलं की उलटंच करायचा. मी म्हणालो, "मीठ कमी आहे", की हा भांडं खाली उतरवून मोकळा. मी म्हणालो, "झक्कास, उतरव", की पुन्हा चुलीत एक लाकूड सारायचा, गुळाचा खडा टाकायचा, नाहीतर मिरी कुटायला बसायचा. आता हे खरं की मी नेहमीच खरं सांगत होतो असं नाही. जमलेल्या सॉसला जमला म्हणायला माझी जीभ उचलत नसे, आणि फसलेला असला की कौतुक आपोआप तोंडातून बाहेर पडे. पण हे त्याला कुठं माहीत होतं? त्यानं माझ्यावर विश्वास ठेवायला नको होता का? एकदा विचारलंच, "मले विचारतं, आन् ऐकत नाई, मंग विचारतं काहून बे?" तो हसला, म्हणाला, "विचारा लागते गड्या, तुह्यावाचून कसं जमन?" मला वाटलं, थट्टा करतो.

मेस्त्रींनी जायचं ठरवलं तेव्हा बंगल्यावर मुंबईचे कापसाचे व्यापारी जेवायला यायचे होते. मेस्त्रींनी आम्हा दोघांना एकेक रान दिली. ज्याची पाहुण्यांना आवडेल, त्याच्या हाती किल्ल्या. दारूबंदीमुळे परमिटच्या बाटल्या मोजक्याच यायच्या, त्यातली वाईन मेस्त्रींनी दोघांत सारखी वाटून दिली. मी माझी रान जीव ओतून केली. दहा नाही, वीसदा चाखली असेल. ती चांगली झाली होती, हे मी आजही कोणालाही सांगेन. मग सुखदेवनं खिळ्यावरचा चमचा काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, काय म्हणते?

मी चाखलं... त्या चवीचं वर्णन करत नाही. आंबट होतं आणि आंबट नव्हतं, गोड होतं आणि गोड नव्हतं, आणि मागून मटणाचा अंगचा वास हळूच येऊन बसत होता. माझ्या डोळ्यांसमोर त्या किल्ल्या त्याच्या कमरेला हलायला लागल्या. मी म्हणालो, "आंबट लागून राह्यलं. आटव अजून." त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि भांडं उतरवलं. माझी रान पाहुण्यांनी संपवली. त्याच्या रानीचं ताट त्यांनी पावाच्या तुकड्यानं पुसून घेतलं. साहेबांनी हाक मारली, "सुखदेव!" मी दाराआड उभा होतो.

पुढं सगळी वर्षं मी त्याच्या हाताखाली काढली. साहेब मुंबईला गेले, बंगल्याला कुलूप लागलं, तेव्हा मी घाटंजीला येऊन खानावळ टाकली. सुखदेव यवतमाळातच मुलांच्या वसतिगृहात वरण-भाकरी करायला लागला. तीही लोक नावाजायचे म्हणे. वरणाला नावाजतात काय कोणी? एकदा तो माझ्याकडे आला होता, माझं मटण जेवला, हात धुतले, म्हणाला, चांगलं आहे. मी वाट पाहत बसलो की आणखी काही म्हणेल. तो कापसाच्या भावाचं बोलत बसला. त्याच्या तोंडून एकदा, फक्त एकदा ऐकायचं होतं मला की थावरू, तुझ्यासारखं कोणी नाही. बाकी जगानं काय म्हणावं याची मला पर्वा नव्हती.

निरोप आल्यावर दुसऱ्या दिवशी यवतमाळला गेलो. सुखदेवची बायको रुखमावहिनी भिंतीला टेकून बसली होती. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती होती, आणि चुलीवरच्या भिंतीत, खिळ्याला, तो पितळी चमचा टांगलेला. वसतिगृहात वाईन नाही, रान नाही, चाखणारा नाही, तरी तो घासूनपुसून लखलखीत ठेवलेला. मी तिकडे पाहतो आहे हे वहिनीच्या ध्यानात आलं. ती म्हणाली, "थो तुमचा हाये भाऊ. कोनाले हात लावू देत नोते. म्हणत, हा थावरूचा."

मी म्हणालो, वहिनी, कशाला थट्टा करता, माझं तर त्यानं एक दिवस ऐकलं नाही. तेव्हा तिला एवढ्या दुःखात हसू आलं. म्हणाली, "ऐकतच नोते ते तुमचं. पाहत होते. म्हणत, थावरूची जीभ खोटी बोलते, पण कपाळ खोटं बोलत नाई. त्याच्या कपाळावर आठी पडली का समजाचं जमलं, भांडं उतरवाचं. थो हासला का समजाचं काईतरी कमी हाये."

माझा हात आपोआप कपाळावर गेला. मग ती पदर सारखा करत म्हणाली, "एकदा म्या इचारलं, कसं लागते हो थे? तर म्हणे, मले काय मालूम? थावरूले मालूम." सगळी वर्षं माझी आठी वाचून त्यानं रांधलं होतं, आणि मी समजत होतो की माझं जळणं माझ्या पोटात सुखरूप आहे. म्हणजे किल्ल्यासुद्धा माझ्याच कपाळानं त्याला मिळवून दिल्या! माणसानं जळायचं तरी कसं अशा माणसावर... तरी जळतोच आहे.

चमचा वहिनीनं मला दिला. तो आता माझ्या चुलीच्या वर खिळ्याला आहे. वाईन इथं मिळत नाही, म्हणून अंबाडीच्या लाल बोंडांचा रस काढून, गूळ आणि मिरी घालून तशी रान करायचा खटाटोप मी चालवला आहे. काल करायला घेतली. रस आटवला, गाळला, लोणी सोडलं. दिव्याची वात त्यात दिसली. हललीसुद्धा असेल. मग खिळ्यावरचा चमचा काढला, चाखलं. बरं होतं, चांगलंच होतं. मान वर केली, समोर कोणी उभं नव्हतं. कपाळावरून हात फिरवून पाहिला, साफ होतं, एकही आठी नाही. मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. भांडं अजून खाली उतरलेलं नाही.