येळवशीला हजर एक

तानाजीअप्पांना आमच्या केंद्रात सगळे ‘तारीखवाले अप्पा’ म्हणतात, आणि त्यांना ते मनातून आवडतं. हुमनाबादला एका ट्रस्टचं आमचं छोटं केंद्र आहे. पाय गेलेल्यांना इथं नवा पाय फुकट बसवून मिळतो. मी अंबिका, नोंदणीच्या खिडकीत बसते. अप्पा माझ्या मागं संगणकावर असतात, आणि पाय कधी मिळणार त्या तारखेची चिठ्ठी छापून देणं हे त्यांचं काम.

या माणसाशी माझं रोज वाजतं. पंख्यावरून, चहातल्या साखरेवरून, माझ्या मोठ्या आवाजावरून. पण तारखेच्या बाबतीत मी त्यांच्यापुढं हात टेकलेत.

रिपोर्टचं नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. पायाला सात दिवस लागतात, म्हणून ते सॉफ्टवेअर आजच्या तारखेत सात मिळवायचं आणि मोकळं व्हायचं. पहिल्याच आठवड्यात निर्णा गावचा एक म्हातारा कुबड्या टेकत, दोन बस बदलून रविवारी आला आणि कुलूप बघून परत गेला. सोमवारी हे कळल्यावर अप्पा जेवले नाहीत. “पाय न्हाई म्हनून मानूस आपल्याकडं यायलाय, आनि आपन त्यालाच फुकट चालवायलाव,” एवढंच म्हणाले.

मग सुट्ट्या गाळून तारीख काढणाऱ्या संगणकाच्या सूत्रामागं ते लागले. कडगंचीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या त्यांच्या लेकीनं, अंजूनं, फोनवर सूत्राचं नाव सांगितलं, बाकी कंस यांनी स्वतः जुळवले. कंस चुकला की चिठ्ठीवर १९०० सालची तारीख यायची आणि मी हसून लोळायची. पंधरा दिवसांनी मात्र ते जमलं. आल्याचा दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, रविवार गाळायचे, दुसरा-चौथा शनिवार गाळायचा आणि सुट्ट्यांच्या तक्त्यात जी तारीख असेल तीही गाळायची. चिठ्ठीवर येईल ती तारीख पक्की.

राहता राहिली येळवस. त्या अमावास्येला आमच्याकडं कुणी घरात थांबत नाही. कडब्याची कोपी घालून रानात पूजा होते, आंबील शिंपडतात, डाळी-पालेभाज्यांची पातळ भज्जी आणि बाजरीचे उंडे खातात, वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून बसवतात. पण बेंगळूरच्या मुख्य कार्यालयाच्या यादीत ही सुट्टी नाही. म्हणजे सूत्राच्या लेखी तो कामाचा दिवस, आणि आम्ही सगळे आपापल्या रानात. अप्पांनी तीन वर्षं बेंगळूरला पत्रं लिहिली. शेवटी हजेरीचाच रिपोर्ट जोडून पाठवला. तिन्ही वर्षी येळवशीला हजर: एक. ते बघून बेंगळूरनं मान्य केलं. तक्त्यात येळवस चढवली त्या दिवशी अप्पांनी स्वतःच्या पैशानं पेढे आणले.

त्याच वर्षी डिसेंबरात, एकोणीस तारखेला, मुडबीची शकुबाई आली. साखरेच्या आजारात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. माप झालं. अप्पांनी चिठ्ठी दिली, एकतीस डिसेंबर.

“एकतीसला घिऊन काय करू?” शकुबाई म्हणाली. “येळवस तीसला हाय. दोन येळवशी मी घरात काढल्या. गेल्या साली सून म्हनली, आत्या, मी शिपडते आंबील. शिपडली तिनं. पर रान माजं हाय, बाई. मला बांदावर उभं ऱ्हायचंय.”

अप्पांनी तीनदा मोजलं. येळवस तक्त्यात नसती तर सातवा दिवस बरोबर तीसला पडला असता. ज्या ओळीसाठी तीन वर्षं भांडले, तीच ओळ या बाईच्या आडवी आली होती. त्यांचा चेहरा इतका पडला की मला टोमणाही सुचला नाही.

आम्ही दोघं मागच्या कार्यशाळेत गेलो. पाय बनवणारा बुद्धरत्न तिथं बावीस वर्षं काम करतो. शनिवार-रविवारची सुट्टी आली की तो औरादला जातो, कारण म्हातारी आई तिथं एकटी असते. त्यामुळं ते दोन दिवस मागायचं तोंड अप्पांना नव्हतं.

“बुद्धरत्न, एक दिस आदी हुईल का रे?”

“आदी कामून? सातवा दिस तीसलाच हाय की. मी हाय हितं.”

“आरं, येळवस हाय त्या दिशी.”

“व्हय. आमाला कुठं रान हाय, अप्पा? येळवशीला मी हितंच असतो. तुमी रिपोर्टात हजर एक म्हनून लिवलं न्हाई का? त्यो मीच.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो एक कोण, हे आम्ही तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. दरवर्षी दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी डब्यात भज्जी आणायचो, आणि आपण किती चांगले म्हणून खूश असायचो.

अप्पांनी चिठ्ठीवरची तारीख पेनानं खोडून तीस केली आणि खाली सही केली.

येळवशीला सकाळी अप्पा आले, आणि मीही कुरकुरत खिडकी उघडली. अकरापर्यंत पाय बसला. शकुबाई सरावाच्या दांड्यांना धरून चार फेऱ्या चालली, मग एका हातानं, मग हात सोडून. तिचा लेक जीप घेऊन आला होता. तिनं आम्हाला तिघांनाही जीपमध्ये कोंबलं, बुद्धरत्नला तर दंडाला धरून.

बांधावर शकुबाई हळूहळू चालत गेली. मडक्यातली आंबील हातात घेतली आणि ज्वारीवर शिंपडली. सून मागं उभी होती, पण तिनं धरायला हात पुढं केला नाही. मला रडू आलं, सांगायला लाज कशाची?

मग कोपीपुढं जेवायला बसलो. पहिलं वाढप शकुबाईनं बुद्धरत्नला केलं. त्यानं उंडा मोडला, भज्जीत बुडवला, आणि दोन घास झाल्यावर अप्पांना म्हणाला, “गरम भज्जी येगळीच लागती की, अप्पा.”

बावीस वर्षं हा माणूस आमची शिळी भज्जी खात होता. अप्पांनी मान वर केली नाही.

जानेवारीत अप्पांनी नव्या वर्षाचा सुट्ट्यांचा तक्ता भरला. येळवस पंचांगात बघून घातली. मग एक चिठ्ठी छापली आणि कार्यशाळेत नेऊन दिली. पाय घ्यायला येणाऱ्यांना देतात तशीच. नाव बुद्धरत्न, पुढच्या येळवशीची तारीख, आणि ठिकाण, तानाजीअप्पांचं रान.

बुद्धरत्ननं ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, “आईला आनलं तर चालंल का?”