स्क्रीनवरचा रॅक

आमच्या कुरुळीच्या कारखान्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारा माणूस आधी चहा संपवतो, मग चष्मा पुसतो आणि त्यानंतरच बिघाड विचारतो. स्टोअरच्या नोंदी कॉम्प्युटरवर गेल्या, तेव्हा तिथल्या काकांना फायली सापडेनात. साहेब त्यांना स्टोअरमधून काढून गेटवर राखणीला बसवणार होते. या दुरुस्तीवाल्यानं स्टोअरमधल्या रॅकचा फोटो काढून स्क्रीनभर लावला आणि प्रत्येक मालाची फाइल त्याच्या फळीवर नेऊन ठेवली.

"काका, नट कुठं असतात?"

"खाली, डावीकडं."

"मग तिथंच दोनदा दाबा."

फाइल उघडली.

"हे तर माझंच स्टोअर हाय," काका म्हणाले. गेटचा विषय संपला.

साहेबांना मात्र त्या स्क्रीनवर कंपनीचं बोधवाक्य हवं होतं.

"ते तुमच्याकडं लावतो, साहेब," तो म्हणाला. "तुमच्या स्क्रीनवर बरीच जागा रिकामी आहे."