आधी धुवायला शिक

“ए म्हातारे, आधी पोरीला धुवायला शिक. मग लातूरच्या गोष्टी कर.”

पोरीला लातूरच्या मोठ्या डॉक्टरकडं पाठवा म्हटलं, तर देवणीच्या दवाखान्यात, भरल्या बाकांसमोर डॉक्टर असं म्हणाला. माझी नात मांडीवर तापानं फणफणत होती. लघवी करताना ओठ चावायची. रडायचंही त्राण नव्हतं. कंपाउंडर हसला. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला.

मला घाण म्हणाला. मला. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं, हेच माझं जन्माचं काम. या डॉक्टरची लेक तान्ही असताना माझ्या पायांवर पालथी पडून मुतायची, तेव्हा याची आई म्हणायची, “मावशे, तुझ्यासारखा स्वच्छ हात न्हाई बघ.” ते घर मी आपलं समजत होते.

म्हणून तर नातीला याच्याकडं नेलं. ताप आला, लघवीत पू निघाला. यानं औषध दिलं, उतरला. पुन्हा आला. पुन्हा तेच औषध. पुन्हा ताप. असं का होतंय विचारलं, की एकच उत्तर. तुम्हा लोकांत स्वच्छता नाही. आम्ही पोरीला धुवून धुवून सोलून काढली. ताप येतच राहिला.

त्या दिवशी मी पोरीला घेऊन उठले.

“डॉक्टर, तुमचं लेकरू असतं तर इतके दिवस इथंच ठिवलं असतं का?”

“जा कुठं जायचं तिकडं. परत येऊ नको.”

“न्हाई येत.”

मी आणि लेकानं तिला तशीच लातूरला नेली. तिथं लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासण्या केल्या. लघवी बाहेर यायच्या ऐवजी उलटी वर किडनीत चढत होती. जन्मापासून. धुण्याचा काही संबंध नव्हता. एक किडनी आकसून गेली होती.

“बाई, कधी आणाय पाह्यजे होतं?”

“दुसऱ्यांदा ताप आला, तेव्हाच.”

पुढं डॉक्टरची लेक बाळंतपणाला माहेरी आली. तोच कंपाउंडर माझ्या दारात. “मावशी, साहेबांनी न्हाऊ घालायला बोलवलंय.”

“सांग तुझ्या साहेबाला, हात घाण हायत माझे.”

दुसऱ्या घरांत जाते अजून. बाळ पायांवर घेते आणि त्याच्या आईला सांगते, ताप आणि लघवीचा त्रास उलटून आला, तर मोठ्या डॉक्टरकडं पाठवा म्हणून अडून बस. डॉक्टर वरडला तरी उठू नको. मी मरेपर्यंत हे सांगणार.

हे जिच्यावर बेतलं ती माझी नात. एका किडनीवर जगते. मी तिची आजी.